‘येशूच्या काळचं’ चांदीचं नाणं कुणी गळ्यात मारत असेल तर

मुंबईतल्या एका नाणे-प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला रोमन डिनेरियस म्हणून १८ हजारांना चक्क ओतीव नक्कल विकली. त्याचा धंदा अजून चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाणं सम्राट तायबेरियसचं (इ.स. १४ ते ३७). पुढच्या बाजूला त्याचा चेहरा, डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ, भोवती ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ असं लॅटिन बिरुद. मागे राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री, आणि ‘पॉन्टिफ मॅक्सिम’, म्हणजे मुख्य पुरोहित. सम्राट तोच, देवाचा मुलगा तोच आणि पुरोहितही तोच! कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा का, असं विचारल्यावर येशूने जे नाणं दाखवायला सांगितलं ते हेच, असं परंपरेने मानतात. बाजारात त्याला भाव येतो तो त्यामुळेच.

गिऱ्हाईक बघून गोष्ट बदलते. वसईच्या माझ्या मित्राला या गृहस्थाने ती बसलेली बाई मरियम आहे असं सांगितलं. (अभ्यासक तिला बहुधा शांतिदेवीच्या रूपातली लिव्हिया, तायबेरियसची आई, मानतात.) मला नाणं कोइम्बतूरच्या शेतात सापडल्याची गोष्ट ऐकवली. तीही पटणारी, कारण त्या भागात तायबेरियसची नाणी खरोखरच भरपूर सापडली आहेत.

सराफाने चांदी अस्सल आहे म्हणून सांगितलं, आणि ती होतीही. खोटी चांदी वापरायची गरजच काय, एवढ्याशा नाण्याला चांदी लागते ती किती?

बिंग फुटलं ते माझं आणि मित्राचं नाणं शेजारी ठेवल्यावर. दोन्हींवर कानाखाली तोच तिरका ओरखडा, कडेला तीच चीर. एका ठशाने अनेक नाणी पाडत, त्यामुळे चेहरा सारखा असणं समजू शकतो. पण वापरात पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर एकाच जागी कसा येईल? भिंगाखाली अक्षरांच्या कडेला ओतताना राहिलेल्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसले, कडेवर कानशीच्या रेघा. वजन ३.१ ग्रॅम, चांगल्या स्थितीतलं अस्सल नाणं ३.७ च्या आसपास भरतं.

पैसे परत मागितले तर म्हणतो, “जमिनीतून निघालेल्या मालाची गॅरंटी नसते, साहेब.” मग कुठल्या जमिनीतून ते कागदावर लिहून द्या म्हटलं, तर फोन कट. देणार कसा? जमिनीत सापडलेलं धन १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि पुरावस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो. त्याची गोष्ट खरी निघाली असती तर मीच वर अडकलो असतो.

पोलिसांत तक्रार दिली आहे. पावती नाही, यूपीआयची नोंद तेवढी हातात आहे. तुम्हीही तायबेरियस घेतला असेल तर कानाखालचा ओरखडा बघा आणि दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. तिसरं नाणं मिळालं तर तक्रारीला जोर येईल.