उसाला जमिनीखालचं ठिबक: लागण आणि खोडव्याचा अनुभव

वाळवा तालुक्यातली काळी, जड जमीन. पाच फुटी सरीत इनलाइन लॅटरल (आतच ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, बसवलेली नळी) १५ ते २० सेंटिमीटर खोल गाडून आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस घेतला, आता खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून फुटलेलं पुढचं पीक) उभा आहे. फायदे कंपनीवाले सांगतातच, म्हणून आधी तोटे.

वरचं ठिबक तुंबलं की सरीतून फिरताना कोरडा पट्टा दिसतो. इथं ऊस सुकायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही. त्यामुळे प्रेशर गेज आणि पाण्याचा मीटर हवाच. दाब तेवढाच पण पाणी कमी जातंय, तर ड्रिपर तुंबतायत. दाब पडून पाणी जास्त जातंय, तर नळी फुटलीय. बहुतेक वेळा उंदीर. मग कुदळ घेऊन शोधत बसा.

खरं दुखणं मुळांचं. तोडीआधी साखर भरावी म्हणून आपण पाणी तोडतो, नेमकी तेव्हाच तहानलेली मुळं ड्रिपरमध्ये शिरतात. पाणी पूर्ण तोडण्यापेक्षा हळूहळू कमी करावं, आणि पावसाळ्यातही अधूनमधून संच चालवावा. दुसरा त्रास विजेचा. मोटार अचानक बंद पडली की नळीत पोकळी होऊन ड्रिपर बाहेरचा गाळ आत ओढतो. सबमेनच्या (नळ्यांना पाणी वाटणाऱ्या पाइपच्या) उंच जागी व्हॅक्यूम वाल्व (हवा आत घेणारी झडप) असला तर हे टळतं. कोटेशन स्वस्त दाखवायला हीच वस्तू गाळतात, विचारून घ्या. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ॲसिड ट्रीटमेंटही (साचलेले क्षार विरघळवायला नळीतून पातळ ॲसिड सोडणं) आली. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

उगवणीला मात्र या ठिबकावर विसंबू नका. वरचा थर कोरडा राहतो. आडसालीला पाऊस हाताशी असतो, सुरू (हिवाळ्यातल्या) लागणीला सुरुवातीची पाणी पाटानंच द्यावी लागतील.

एवढं सगळं करूनही मी खूश आहे, ते खोडव्यामुळे. तोडीच्या वेळी नळ्या गुंडाळणं नाही, तोडकऱ्यांच्या कोयत्याची धास्ती नाही, पाचट आहे तिथंच. वरची माती कोरडी, म्हणून तण कमी. बुडख्याशी वाफसा (ओलसर पण मोकळी माती) टिकतो आणि विद्राव्य खत थेट मुळाशी जातं. मुरमाड रानात पाणी आडवं न पसरता खाली जातं, तिथं हा हिशोब बदलेल.

 

दरवर्षी पीक बदलून खोल नांगरट करणाऱ्यानं वरचंच ठिबक घ्यावं. मी शेजारच्या तुकड्यातही हेच गाडणार आहे, फक्त सँड फिल्टर एक माप मोठा घेऊन.