मणक्यातले स्क्रू ढिले झालेत: नुसते काढायचे, बदलायचे की राहू द्यायचे?

आईच्या कमरेत एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला, चार स्क्रू नि दोन रॉड आहेत, ऑपरेशनला दीड वर्ष झालं आणि कूस बदलताना परत तोच ठणका. एक डॉक्टर म्हणाले काढून टाका, दुसरे म्हणाले बदलून पुन्हा फ्युजन, म्हणजे दोन मणके हाडाने एकमेकांना जोडायचं ऑपरेशन, करा, मग आम्ही करायचं काय?

सगळ्यात आधी विचारा, हाड जुळलंय का. स्क्रू-रॉड म्हणजे स्लॅबखालचं सेंटरिंग, स्लॅब पक्का झाला की भार त्यानेच घ्यायचा, आणि हाड जुळायला सहा महिने ते वर्ष सहज जातं. एमआरआयत धातूमुळे चित्र बिघडतं म्हणून सीटी स्कॅन करतात. आईच्या फिल्मवर खालच्या दोन स्क्रूंभोवती काळी कड होती, तोच ढिलेपणा.

हाड पक्कं जुळलंय आणि स्क्रूचं डोकं टोचतंय, तर नुसतं काढणं पुरतं. ऑपरेशन त्यामानाने छोटं, पण दुखणं जाईलच असं नाही. म्हणून आधी स्क्रूपाशी भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात, तेवढ्यापुरतं बरं वाटलं तर दुखणं स्क्रूचंच असण्याची शक्यता जास्त.

हाड जुळलंच नसेल तर नुसतं काढून मणका परत हलताच राहणार, मग बदलणंच बरं असं माझं मत. पण हे मोठं काम आहे, भोक रुंदावलेलं असतं म्हणून जाड किंवा लांब स्क्रू, हाड ठिसूळ असेल तर सिमेंट, नवीन बोन ग्राफ्ट (जुळण्यासाठी भरलेलं हाड), आणि जुन्या व्रणातून जाताना नसांचं आवरण फाटायची भीती. आधी डेक्सा (हाडाचा ठिसूळपणा मोजायची तपासणी) करा, शुगर आटोक्यात आणा, तंबाखू-मिश्री बंद, निकोटीनने हाड नीट जुळत नाही.

इन्फेक्शन असेल तर सगळा हिशोबच बदलतो. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या कराच, आणि काढलेल्या स्क्रूजवळचे नमुने कल्चरला १४ दिवस ठेवा म्हणून सांगा, काही जंतू फार हळू वाढतात.

काही त्रास नाही, फक्त एक्सरेत ढिला दिसला? मग बहुतेकदा लक्ष ठेवणं पुरे. पण पायातली ताकद कमी झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि जुन्या फाइलमधले इम्प्लांटचे स्टिकर शोधा हं, कंपनीप्रमाणे स्क्रूड्रायव्हर वेगळा लागतो. आमच्या फाइलमध्ये ते नव्हतेच, तीन चकरा मारून मिळवले.

आईचं हाड जुळलेलं नाही, म्हणून आम्ही बदलायचं ठरवलंय. मिश्री सोडून तिला आज तीन आठवडे झाले.