परीक्षक म्हणून कोणाला बोलवावं: मैफली करणारा पियानिस्ट की पियानो शिक्षक?

मालवणात किंवा रत्नागिरीत मुलांची पियानो स्पर्धा घ्यायची म्हटलं की पहिला घोळ इथेच होतो.

खर्चात शिक्षक परवडतो. पणजीहून मालवणला सकाळी येऊन संध्याकाळी परतता येतं. मुंबईचा पियानिस्ट म्हणजे मानधन, रेल्वेचं तिकीट आणि मुक्काम. शिवाय तो वाद्याबद्दल बोलणारच, आणि बरोबरच बोलणार. पावसाळ्यात दमट हवेने साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगतो, स्वर चढतात, पट्ट्या अडकतात. स्पर्धा जानेवारीत ठेवा, ट्यूनर आदल्या दिवशी बोलवा.

गुण देण्यात खरा फरक. पियानिस्ट एखादा चुकलेला स्वर सोडून देतो; पेडल दाबून ठेवल्याने झालेली स्वरांची गिचमिड आणि डाव्या हाताने झाकलेली चाल मात्र सोडत नाही. पण आवडीनिवडी तीव्र. 1980 च्या वॉर्सातल्या शोपां पियानो स्पर्धेत इव्हो पोगोरेलिच हा तरुण स्पर्धक अंतिम फेरीत गेला नाही, म्हणून नामवंत पियानिस्ट मार्ता आर्गेरिच परीक्षक मंडळ सोडून गेल्या! एकट्या पियानिस्टवर निकाल सोपवू नका. तिघे ठेवा, सरासरी घ्या.

शिक्षक बोटं, ताल, बसणं बघतो आणि गुणपत्रिकेवर मुलाला उपयोगी पडेल असं लिहितो. अडचण एकच: स्पर्धकांत त्याचेच विद्यार्थी. त्यांच्यापुढे त्याचा रकाना कोरा ठेवा, उरलेल्या दोघांची सरासरी धरा.

बारा वर्षांखालच्या गटाला शिक्षकच बरे. अख्खा सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) वाजवणाऱ्या, पुढे संगीतातच जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी पियानिस्टवर पैसे घाला.