आधी दिवे, आधी पंप की आधी सौर? पालिकेच्या वीजबिलाचा युनिटांत हिशोब

नगरपरिषदेच्या सभेत वीजबचतीचा विषय निघाला की पहिला ठराव सौर पॅनलचा येतो. पॅनल दिसतं, फीत कापता येते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. जॅकवेलमधल्या (धरण-नदीतून पाणी उचलायच्या विहिरीतल्या) पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चाक) बदलला म्हणून कुणाचा फोटो छापून आलेला मी तरी पाहिलेला नाही. पालिकेच्या विद्युत विभागात नोकरी केल्यामुळे मला दिवे, पंप आणि सौर या तीनही कामांच्या फायली हाताळाव्या लागल्या. येत्या अंदाजपत्रकात यांपैकी एकाच कामाला पैसे पुरणार आहेत, अशा मुख्याधिकारी, सभापती आणि सरपंच मंडळींसाठी हे लिहितो आहे.

हिशोब रुपयांत मांडत नाही. विजेचे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाबरोबर बदलतात आणि निविदेचे भाव दर तिमाहीला. युनिट मात्र तेवढेच राहतात. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा, म्हणजे तुमचे रुपये निघतील.

हिशोबासाठी एक गाव मनाने धरू. वस्ती ४० हजार. रोज ५० लाख लिटर पाणी उचलायचं, धरणाकाठच्या जॅकवेलपासून डोंगरावरच्या टाकीपर्यंत. एकूण हेड, म्हणजे पंपाला जितक्या उंचीइतका जोर लावावा लागतो ती उंची, ७० मीटर, त्यातली ५५ मीटर निव्वळ चढण आणि बाकी पाइपातलं घर्षण. पथदिवे २,५००, पैकी २,००० जुन्या ४० वॅटच्या ट्यूब आणि ५०० दिवे १५० वॅटचे सोडियम.

दिव्यांचं गणित सोपं आहे. ट्यूब चोकसकट ५२ वॅटच्या आसपास खाते, सोडियम १७० वॅट. सगळे मिळून १८९ किलोवॅट. वर्षाला ४,००० तास धरले तर साडेसात लाख युनिट. ट्यूबच्या जागी २० वॅटचा आणि सोडियमच्या जागी ७० वॅटचा एलईडी बसवला की भार ७५ किलोवॅटवर येतो आणि वर्षाचा खप तीन लाख युनिट होतो. बचत साडेचार लाख. दिवे अजून जुने असतील तर पुढचं वाचण्याआधी हा ठराव करून टाका, यात वाद नाही.

पण बहुतेक पालिकांत ही बस निघून गेली आहे. केंद्राने ५ जानेवारी २०१५ला राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू केला, ईईएसएल या सरकारी वीजबचत कंपनीने देशभर एक कोटीहून जास्त दिवे बदलले, आणि ज्यांनी त्यांच्याकडून घेतले नाहीत त्यांनी कुठल्या ना कुठल्या निधीतून स्वतः बसवले. तरीही दर दोन वर्षांनी ‘नवीन एलईडी’चा प्रस्ताव येतो. ३५ वॅटचा एलईडी काढून ३० वॅटचा लावण्याला वीजबचत म्हणू नका, ती खरेदी आहे. त्यापेक्षा टायमर बघा. दिवे सकाळ-संध्याकाळ मिळून फक्त एक तास जादा जळत असतील, तरी वरच्या गावात वर्षाला सत्तावीस हजार युनिट जातात, तेही एलईडी बसवल्यावर. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सूर्य वेगवेगळ्या वेळी मावळतो, हे टायमरला कुणीतरी सांगावं लागतं, आणि बरेचदा ते सांगणारा वायरमन दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेला असतो.

आता पंप. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बिलाचा मोठा भाग इथे असतो आणि चर्चा सगळ्यात कमी.

एक आकडा पाठ करा: १ लाख लिटर पाणी १०० मीटर उचलायला, काहीच वाया गेलं नाही तर, २७ युनिट लागतात. पंप, मोटार, केबल सगळं चांगलं असेल तर प्रत्यक्षात ४४ युनिटांच्या आसपास. जुन्या जॅकवेलवर मोजलं तर ६० निघतात, कधी त्याहून जास्त. आपल्या गावाला हेच लावू. एकूण कार्यक्षमता ४५ टक्के असेल तर वर्षाला पावणेआठ लाख युनिट, ६२ टक्क्यांवर आणली तर साडेपाच लाखांच्या थोडं वर. फरक दोन लाख दहा हजार युनिटांचा. दरवर्षी.

कार्यक्षमता जाते कुठे? पंप घेताना पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरलेली असते. त्यावर सल्लागाराचं मार्जिन, त्यावर निविदेतलं मार्जिन. मग पंप इतका मोठा येतो की डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून पाणी बाहेर पडतं तिथला) अर्धा बंद करूनच चालवावा लागतो. म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर. दुसरं कारण मोटार. जळाली की गावातल्या गावात बांधून आणायची, ही आपली पद्धत. चार-पाच वेळा बांधलेली मोटार चालते, पण बांधणी हलक्या हाताची असेल तर दर वेळी थोडी जास्त वीज खाते, आणि ते कुणाच्या नजरेला येत नाही. तिसरं, झिजलेला इम्पेलर आणि त्याभोवतीची कडी, म्हणजे वेअर रिंग. पाणी टाकीत पोचतं, फक्त पूर्वी आठ तासांत पोचायचं ते आता अकरा तासांत. व्हॉल्व्हमनला हे माहीत असतं. त्याला विचारलेलं मात्र कुणी नसतं.

हे पुस्तकातलं नाही. पुणे महापालिकेने सुमारे वीस वर्षांपूर्वी पाणीपुरवठ्याच्या पंपिंगवर असंच काम केलं. गुंतवणूक ८५ लाख रुपयांच्या आसपास, बचत वर्षाला सुमारे ३८ लाख युनिट, आणि वर नवीन यंत्रणा न उभारता दहा टक्के पाणी जास्त मिळालं. मला यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं. एप्रिल-मेमध्ये टँकर मागणाऱ्या नगरसेवकाला युनिटांत रस नसतो, दहा टक्के पाण्यात असतो.

सावध राहायची एक जागा सांगतो. पंप म्हटलं की विक्रेते व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) घेऊन येतात आणि वेग वीस टक्के कमी केला की वीज निम्मी होते असं सांगतात. ते गणित पाणी नुसतं फिरवायचं असेल तेव्हा लागू पडतं. ७० मीटरांतली ५५ मीटर सरळ चढण असेल तर वेग कमी केल्यावर पाणी टाकीत चढेनासंच होतं. अशा ठिकाणी योग्य मापाचा पंप किंवा कातरलेला इम्पेलर कामाला येतो. थेट नळांना पाणी देणाऱ्या बूस्टर पंपावर, जिथे मागणी तासातासाला बदलते, तिथे व्हीएफडी जरूर घ्या.

आता सौर. महाराष्ट्रात छतावरचं १ किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं आणि शंभरेक चौरस फूट जागा घेतं. १०० किलोवॅट म्हणजे १ लाख ४० हजार युनिट आणि दहा हजार चौरस फूट, सावली नसलेली. नगरपरिषदेची इमारत, शाळा, नाट्यगृह आणि जलशुद्धीकरण केंद्राची छतं जमवली तर एवढी जागा निघते, नाही असं नाही. पण वरचा हिशोब आठवा: पंपावर वाचणारे दोन लाख दहा हजार युनिट म्हणजे १५० किलोवॅटचं सौर, तेही एक चौरस फूट छत न वापरता. खराब पंपाच्या डोक्यावर सौर बसवणं म्हणजे फुटक्या रांजणासाठी मोठी विहीर खणणं.

सौरला माझा विरोध नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या मान्याची वाडीने घरं, पथदिवे आणि पाणीपुरवठा सौरवर नेऊन राज्यातलं पहिलं सौरग्राम होण्याचा मान २०२४ मध्ये मिळवला. लहान, एकविचाराचं गाव असेल तर हे जमतं. पाण्याचे पंप दिवसा चालवता येतात, त्यामुळे सौरशी त्यांची जोडी पथदिव्यांपेक्षा चांगली जमते. पथदिवे रात्री जळतात, तिथे सगळी भिस्त नेट मीटरिंगच्या (दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या) कागदावर. बॅटरीवाल्या सुट्या सौर दिव्यांबद्दल एवढंच म्हणतो, तुमच्या गावातून एक फेरी मारा आणि किती खांबांवर पॅनल आहे पण उजेड नाही ते मोजा. बॅटरी तीन-पाच वर्षांत जाते आणि ती बदलायची तरतूद कुठल्याच शीर्षाखाली नसते. जिथे तारच पोचत नाही अशा वस्तीवर ते दिवे हवेत, चावडीसमोर नकोत.

तिघांची गाठ अशी बसते. दिवे जुने असतील तर आधी दिवे. दिवे झाले असतील तर आधी पंप. पंप मोजून नीट केले असतील, तर उरलेल्या खपाच्या मापाचं सौर. क्रम उलटा केला तर सौर प्रकल्प गरजेपेक्षा मोठा घेतला जातो आणि पंप तसेच फुरफुरत राहतात.

पैसे कुणाचे, हा दुसरा निर्णय, आणि खरं तर पालिका जास्त चुकतात त्या इथे.

स्वतःच्या निधीतून काम केलं तर सगळी बचत आपली, पण देखभालीची बोंब. दिवा बंद पडला की पुन्हा कोटेशन, पुन्हा मंजुरी. दुसरा रस्ता अकोल्याने २००७च्या सुमारास दाखवला. तिथल्या महापालिकेने साडेअकरा हजारांवर पथदिवे बदलून घेतले, तेव्हा एलईडी परवडत नव्हते म्हणून टी-५ (बारीक, कमी वीज खाणाऱ्या) ट्यूब लावल्या. सगळी गुंतवणूक काम करणाऱ्या खासगी कंपनीची. वीज ५६ टक्के वाचली, वर्षाला २१ लाख युनिट. मोजून पडताळलेल्या बचतीतला ९५ टक्के हिस्सा सहा वर्षं कंपनीला द्यायचा ठरलं होतं. हा प्रकल्प आदर्श म्हणून सांगितला जातो, आणि ज्या पालिकेकडे भांडवलाला दमडी नव्हती तिच्यासाठी तो होताच. पण कंपनीचा खर्च अकरा महिन्यांच्या आत वसूल होणार होता, आणि हिस्सा सहा वर्षांचा. आज तुम्ही टेबलावर बसाल तेव्हा हे दोन आकडे शेजारी ठेवून बसा. परतफेड लवकर होणारी असेल तर मुदत तीन वर्षं मागा, नाहीतर आपला वाटा वाढवून मागा. अकोल्याचं घ्यायचं ते टक्केवारी नव्हे, ‘मोजून पडताळलेल्या’ हे शब्द.

ईईएसएलचा साचा निराळा. गुंतवणूक त्यांची, दिव्याची हमी आणि देखभाल त्यांच्याकडे, आणि पालिकेने साधारण सात वर्षं ठरलेला हप्ता भरायचा. मोठ्या खरेदीमुळे दिवा स्वस्त पडतो, निविदेची कटकट वाचते. पण हप्ता ठरलेला, बचत मात्र तुमच्या बिलात दिसायला हवी. ती दिसत नसेल, कारण नव्या वस्तीत खांब वाढले किंवा दिवे दिवसा जळत राहिले, तर हप्ता जड होतो. अनेक पालिकांकडे थकबाकी साठली ती उगाच नाही. हप्त्यासाठी वेगळं एस्क्रो खातं (ज्यातले पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत) ठेवण्याची शिस्त असेल तरच या वाटेला जा.

सरपंचांसाठी थोडक्यात. पन्नास-शंभर खांबांच्या गावासाठी कंपनी येणार नाही, आली तरी करारनाम्याचा खर्चच जास्त. सरळ खरेदी करा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित. पथदिव्यांची बिलं या निधीतून भरायला लागल्यापासून प्रत्येक वाचलेला युनिट म्हणजे गटारासाठी किंवा अंगणवाडीसाठी सुटलेला पैसा आहे. खरेदी एकट्याने करू नका. शेजारच्या चार ग्रामपंचायतींनी मिळून एकच तपशील ठरवला तर पुरवठादार भावही नीट देतो.

यांपैकी काहीही निवडण्याआधी फुकटात होणारं काम करून टाका. बिलं घेऊन बसा. आमच्याकडे एकदा पथदिव्यांच्या सगळ्या मीटरची यादी हातात घेऊन गाव पालथं घातलं, तर एक मीटर रस्तारुंदीत पाडलेल्या चौकातला निघाला. चौक नव्हता, खांब नव्हते, बिल मात्र आम्ही इमानेइतबारे भरत होतो. मंजूर भार गरजेपेक्षा जास्त असेल तर मागणी आकार (युनिटांखेरीज भारावर लागणारी रक्कम) विनाकारण पडतो. उच्चदाब जोडणीचं बिल २०२०पासून केव्हीएएचवर (कामी न येणारी वीजही धरणाऱ्या मापावर) येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (त्यातला कामी येणारा हिस्सा) ०.८५ असताना तो सुधारणारा कपॅसिटर बदलून तो ०.९८ केला तर बिलातले युनिट तेरा टक्क्यांनी उतरतात. पंपघरातला कपॅसिटर फुगलेला आहे का, हे बघायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. बिलावर वेळेनुसार वेगळे दर असतील तर संध्याकाळच्या महाग तासांत पंप बंद ठेवता येतो का ते टाकीची क्षमता बघून ठरवा.

मग एक दिवस जॅकवेलवर काढा. अल्ट्रासोनिक फ्लोमीटर भाड्याने मिळतो, तो रायझिंग मेनवर (टाकीकडे चढणाऱ्या मुख्य पाइपावर) लावा, प्रेशर गेज चालू आहे याची खात्री करा, तासाला मीटर किती युनिट फिरतो ते लिहा. एक लाख लिटरला किती युनिट, हे हेडच्या हिशोबाने १०० मीटरवर आणा, म्हणजे हेडने भागा आणि १००ने गुणा. उत्तर ४५च्या आसपास आलं तर पंपाला हात लावू नका आणि खुशाल सौरचा ठराव घ्या. ५५च्या वर आलं तर सौरची फाइल या वर्षापुरती कपाटात ठेवा. आणि हा आकडा कामाआधी, तिऱ्हाइताच्या सहीने, करारनाम्याला जोडा. नंतर मोजलेली बचत नेहमी कंपनीच्या बाजूची निघते.