यादवी युद्धातला स्वीडिश पूर्वज: पेन्शनची फाइल, चर्चची वही की थेट स्वीडन?

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) लढलेल्या स्वीडिश पूर्वजाचं मूळ गाव शोधायला बसलेल्याच्या हाती सुरुवातीला फार काही नसतं. नाव, रेजिमेंट, थडग्यावरचं जन्मसाल आणि घरात चालत आलेलं ‘ते स्वीडनहून आले होते’ हे एक वाक्य. शिकागो-मिनियापोलिसकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही सुनेच्या नाहीतर जावयाच्या बाजूने असा एखादा खापरपणजोबा निघू शकतो. मग प्रश्न येतो, वेळ आणि पैसा आधी कुठे घालायचा?

वाटा मुख्यतः तीन. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली पेन्शनची फाइल, अमेरिकेतल्या स्वीडिश चर्चच्या वह्या, आणि खुद्द स्वीडनमधली दफ्तरं. माझा कौल आधीच सांगते: पहिल्यांदा चर्च, मग पेन्शन, स्वीडन सगळ्यात शेवटी. उत्साहाच्या भरात लोक नेमकं उलटं करतात आणि महिनोन्‌महिने भलत्याच माणसाच्या मागे लागतात.

असं का होतं, तर स्वीडनमध्ये त्या काळच्या नोंदी पॅरिशवार (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर) ठेवलेल्या आहेत आणि पॅरिश आहेत सुमारे अडीच हजार. जन्मतारीख आणि पॅरिश या दोन गोष्टी हातात असल्याशिवाय तिथे गेलात तर नावाचा काहीही आधार मिळत नाही. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं आणि आडनाव पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. तिथल्या शेतकरी घरांत वडिलांचं नाव हेच आडनाव व्हायचं. अँडर्सचा मुलगा योहान अँडर्सन, योहानचा मुलगा पेअर योहानसन. त्यात अमेरिकेत आल्यावर योहान, योनास, योहानेस हे तिघेही ‘जॉन’ झाले, निल्सचा नेल्स झाला, स्वेनचा स्वॉन झाला. एकाच कंपनीच्या (म्हणजे रेजिमेंटमधल्या एका तुकडीच्या) हजेरीपटावर दोन-तीन जॉन जॉन्सन सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. गावाचं नाव कळलं तरी सुटका नाहीच. वोंगा नावाची पॅरिश एस्टरयेटलंडमध्ये आहे, स्कोनेमध्ये आहे, आणि वेस्टरयेटलंडमध्ये उत्तर वोंगा आणि दक्षिण वोंगा अशा दोन आहेत. त्यामुळे प्रांताशिवायचं गाव म्हणजे अर्धाच पत्ता.

सैन्यातल्या नोकरीची नोंद स्वस्त आणि सोपी असते, पण ‘जन्मस्थान’ या रकान्यात बहुधा नुसतं ‘स्वीडन’. उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, धंदा हे मात्र मिळतं. वयावर विसंबू नका. भरती होण्यासाठी पोरं वय वाढवून सांगायची. माझ्या मते या कागदाचा खरा उपयोग कंपनी कळण्यासाठी. इलिनॉयच्या ५७व्या रेजिमेंटची डी कंपनी बिशप हिलच्या स्वीडिशांची होती. ही वसाहत एरिक यान्सन या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी १८४६ मध्ये वसवली आणि त्यातली माणसं मुख्यतः हेल्सिंगलंड, येस्ट्रिकलंड, दालार्ना, उपलंड या भागांतली. म्हणजे नुसत्या कंपनीच्या अक्षरावरून अख्खा दक्षिण स्वीडन बाजूला ठेवता येतो. मिनेसोटाच्या ३ऱ्या रेजिमेंटची डी कंपनी उभी केली हान्स मॅटसनने, जो स्कोनेतल्या एन्नेस्टादचा होता आणि मिनेसोटातल्या वासा गावची वसाहत त्यानेच सुरू केली होती. असे धागे पुरावा ठरत नाहीत, पण शोधाची दिशा देतात.

आता मुख्य तुलना, चर्च आणि पेन्शन यांची.

ऑगस्टाना सिनड ही स्वीडिश ल्युथेरन (मायदेशातल्या चर्चचा प्रोटेस्टंट पंथ) लोकांची संस्था १८६० मध्ये उभी राहिली. तिच्या पाद्रींनी मायदेशातली पद्धत तशीच उचलली. सभासदांच्या वहीत एकेका कुटुंबाचा जथा, प्रत्येकाची पूर्ण जन्मतारीख, जन्माची पॅरिश, अमेरिकेत कधी आला, आधी कुठल्या चर्चच्या मंडळीत होता. आपल्याला हव्या त्या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत! इलिनॉयमधल्या रॉक आयलंड इथल्या ऑगस्टाना कॉलेजातलं स्वेन्सन केंद्र याच कामासाठी १९८१ पासून आहे. या वह्यांच्या मायक्रोफिल्म तिथे आहेत, आणि अँसेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर वर्गणी भरून बऱ्याच वह्या घरबसल्या पाहता येतात. वाचताना एक लक्षात ठेवा: तारखा स्वीडिश रीतीने, आधी दिवस मग महिना अशा लिहिलेल्या असतात. आपण मराठी माणसं ३/४ हे ३ एप्रिलच वाचतो. अमेरिकन नातेवाईक ४ मार्च वाचतात, आणि मग स्वीडनच्या जन्मवहीत त्या दिवशी कुणीच जन्मलेलं नसतं.

ही वाट अडते ती माणूस ल्युथेरन मंडळीत गेलाच नसेल तर. मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा दुसऱ्या पंथांत गेलेले बरेच होते. बिशप हिलवाले तर मुळात स्वीडनच्या चर्चशी भांडूनच आलेले.

अशा वेळी पेन्शनची फाइल. तिचे पैसे पडतात, प्रत यायला वेळ लागतो, आणि जाडजूड फाइल आली तरी त्यात जन्मगाव असेलच याची हमी नाही. तरीही मी ती मागवावी असंच म्हणेन, कारण माणूस म्हणून तो सैनिक याच कागदांत भेटतो. कुठे जखम झाली, कुठल्या तापाने खंगला, लग्न कुणी लावलं, शेजारी काय म्हणतात, सगळं. गावाच्या दृष्टीने कामाची दोन ठिकाणं. एक, ६ फेब्रुवारी १९०७ च्या कायद्यानंतरचे अर्ज. त्या कायद्याने पेन्शन वयावर ठरू लागली: ६२ पूर्ण झाली की महिना १२ डॉलर, ७० ला १५, ७५ ला २०. साहजिकच वय सिद्ध करणं आलं. काही फाइलींत यासाठी गावच्या पाद्रीकडून मागवलेला बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला सापडतो. तो सापडला तर शोध तिथेच संपला समजा. दुसरं, म्हातारपणी पेन्शन खात्याने पाठवलेले छापील प्रश्न. त्यांत जन्म, लग्न, मुलं हे स्वतः सैनिकाने सांगितलेलं असतं. विधवेचा अर्ज असेल तर लग्नाचा पुरावाही त्यात येतो. फाइल आहे की नाही हे पैसे भरण्याआधी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवरच्या पेन्शन सूचीत फुकट पाहता येतं. तेवढं केल्याशिवाय मागणी नोंदवू नका.

बाकीच्या कागदांवर फार वेळ घालवू नये. जनगणनेत जन्मदेश मिळतो, १९०० च्या गणनेत जन्माचा महिना-वर्ष आणि अमेरिकेत आल्याचं साल. नागरिकत्वाचे १९०६ आधीचे कागद गावाचं नाव क्वचितच देतात. १८६२ च्या कायद्याने सन्मानाने सुटलेल्या सैनिकाला एक वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्व मिळत होतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत आधीचं इरादापत्र (नागरिक व्हायचा इरादा जाहीर करणारा कागद) सापडत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि गोथेनबर्ग पोलिसांच्या परदेशगमनाच्या प्रसिद्ध याद्या सुरू होतात १८६९ ला. युद्धात लढलेला माणूस त्याआधीच आलेला. इतकी साधी गोष्ट असूनही लोक त्या याद्या चाळत बसतात, म्हणून मुद्दाम सांगते.

तारीख आणि पॅरिश हातात आली की स्वीडनसारखा दुसरा देश नाही. १६८६ च्या चर्च कायद्यापासून पाद्रीने घरोघरच्या माणसांना वाचता येतं का, धर्मप्रश्नोत्तरं येतात का हे तपासायचं आणि लिहून ठेवायचं. त्या वह्यांत शेतागणिक पान आणि माणसागणिक ओळ. धनी, बायको, मुलं, मग गडी, मोलकरीण. प्रत्येकापुढे जन्मतारीख, जन्माची पॅरिश, वाचनाचे शेरे, कुठून आला, कुठे गेला. गेलेल्या माणसाच्या नावावर आडवी रेघ आणि कडेला ‘उत्तर अमेरिका’ आणि साल. ती रेघ दिसली आणि साल जुळलं की माणूस पक्का. तिथून एकेक वही मागे जात त्याच्या आईवडिलांपर्यंत पोचता येतं.

या वह्या पाहायच्या कुठे? स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या, म्हणजे रिक्सआर्किवेतच्या साइटवर २०१८ पासून मोफत आहेत. आर्किव डिजिटल ही खासगी सेवा वर्गणी घेते. मोफतवाल्या प्रतिमा बऱ्याचशा जुन्या फिल्मवरून घेतलेल्या, काळ्या-पांढऱ्या. फिकट शाई आणि पुसट रेघ त्यांत हरवते. आर्किव डिजिटलने पानांचे नव्याने रंगीत फोटो काढलेत, आणि जुन्या जर्मन वळणाचं अक्षर वाचताना हा फरक फार मोठा ठरतो. शिवाय त्यांच्याकडे वह्यांवरून केलेली नावांची सूची आहे. माझा सल्ला असा: पॅरिश नक्की माहीत असेल तर रिक्सआर्किवेत पुरे, एक पैसा खर्चू नका. जन्मतारीख आहे पण पॅरिश धूसर आहे, किंवा एकाच नावाच्या दोन पॅरिशमध्ये अडकलात, तर सूचीसाठी वर्गणी घ्या, ती वसूल होते.

पूर्वजाचं आडनाव रास्क, मूदिग, स्टोल असं आखूड असेल तर स्वीडनच्याच लष्करी दफ्तरातही डोकवा. १६८२ पासून तिथे शेतांच्या गटाने मिळून एक सैनिक पुरवायचा आणि त्याला खोपट नि जमिनीचा तुकडा द्यायचा, अशी व्यवस्था होती. सैनिकाला असं छोटं नाव मिळायचं, आणि त्याच्या जागी आलेल्यालाही पुष्कळदा तेच. म्हणून एकाच खोपटात राहिलेले दोन रास्क बाप-लेक धरून वंशावळ जोडू नका. स्टॉकहोमच्या युद्ध अभिलेखागारातल्या हजेरीपटांवर सैनिकाचा क्रमांक, वय, उंची, जन्मप्रांत असतो. त्यावरून वडील आणि उत्तराधिकारी वेगळे करता येतात.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे युद्धातच, लग्नाआधी वारलेला तरुण. चर्चच्या वहीत तो बहुधा पोचलेलाच नसतो आणि विधवेची फाइल असण्याचा प्रश्न नाही. पेन्शन सूचीत आईच्या किंवा वडिलांच्या नावाचा अर्ज आहे का ते आधी पाहा. तोही नसेल तर त्याच कंपनीतल्या, जगून परतलेल्या दोन-चार स्वीडिशांची मूळ गावं चर्चच्या वह्यांतून काढा. ही पोरं गावकऱ्यांसोबत, भावा-चुलतभावांसोबत एकत्र नाव नोंदवायची. त्या पॅरिशांच्या वह्यांत आपल्या माणसाचं नाव आणि त्यावरची रेघ शोधा.