गोधडीचे कापड महागले: नवे घ्यावे, साड्या वापराव्यात की तयार रजई आणावी?

एका माणसाला पुरेल अशी पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी (आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी वाकळ) पाच थरांची आणि संपूर्ण नव्या सुती कापडाची शिवायची ठरवली, तर ४४ इंच पन्ह्याचे (म्हणजे रुंदीचे) सुमारे साडेसोळा मीटर कापड लागते. हिशेबापुरता भाव मीटरला १५० रुपये धरला, तरी दोरा आणि मेहनत सोडून नुसत्या कापडाचेच अडीच हजार होतात. यांतले जवळजवळ दीड हजार रुपये मधल्या तीन थरांवर, म्हणजे पुन्हा कधीही दृष्टीस न पडणाऱ्या कापडावर जातात, हे लक्षात घेतले की निवड बरीच सोपी होते.

भाववाढीचे मूळ गोव्याबाहेर आहे. इथे कापूस पिकत नाही, आणि म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानांतले ताके बाहेरच्या राज्यांतून येतात. मे २०२२ मध्ये कापसाच्या ३५६ किलोच्या खंडीचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे गेला होता. त्याआधी महिनाभर, १४ एप्रिलपासून, सरकारने कापसावरील आयात शुल्क तात्पुरते माफ केले होते, तरीही तो चढतच राहिला. पुढे कापूस उतरला. पण माझ्या नेहमीच्या दुकानातला कॅम्ब्रिकचा, म्हणजे तलम सुती कापडाचा, भाव काही त्याच्यासोबत खाली आला नाही.

नवे कापड घेणाऱ्याने भावाआधी पन्हा विचारावा. ४४ इंचाचे कापड १५० रुपये आणि ५८ इंचाचे २०० रुपये मीटर असेल, तर पहिले स्वस्त वाटते. मात्र ते उभे लावून दोन पट्टे जोडल्यास एका बाजूला ४.६ मीटर, म्हणजे ६९० रुपयांचे कापड लागते, आणि जोडल्यावर बरीचशी रुंदी कापून टाकावी लागते. ५८ इंचाचे २.३ मीटर, म्हणजे ४६० रुपयांचे कापड जोडाविना पुरते. फक्त आटल्यावर आणि कडा दुमडल्यावर रुंदी अर्धा फूट कमी भरते, आणि तेवढ्यासाठी काठाला वेगळी पट्टी लावावी लागते. तिसरा मार्ग दुकानदार सहसा सांगत नाहीत. ४४ इंचाचेच कापड आडवे लावावे, म्हणजे पाच फूट लांबीचे दोन तुकडे एकाखाली एक जोडावेत, मग ३.३ मीटरमध्ये, ४९५ रुपयांत, एक बाजू पूर्ण होते. जोड मधोमध आडवा येतो, पण धावदोऱ्याच्या ओळी पडल्या की तो शोधावा लागतो. वरचे साडेसोळा मीटर याच पद्धतीने धरलेले आहेत. उभे पट्टे लावणाऱ्याचा खर्च याहून बराच अधिक होतो.

नव्या कापडात फसगतही होते. मागे एका दुकानातून ‘शंभर टक्के सुती’ म्हणून आणलेल्या कापडाचा धागा मी घरी काडीवर धरला, तेव्हा तो कागदासारखा जळून त्याची राख होण्याऐवजी आक्रसला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. म्हणजे त्यात पॉलिस्टर होते. तेव्हापासून आधी अर्धा मीटर घेते, धागा जाळून पाहते, ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग घासून पाहते आणि मगच उरलेले कापड घेते. कोरे सुती कापड कापण्याआधी भिजवून खळ काढणे आवश्यकच आहे, कारण ते मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर आटते. न भिजवता जुन्या थरांवर शिवले, तर पहिल्याच धुण्यात वरची बाजू आवळते आणि गोधडीला कायमच्या चुण्या पडतात.

जुन्या सुती साड्यांना यातले काहीच नडत नाही. त्या आटायच्या तेवढ्या आटलेल्या असतात, रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि सुई विनासायास उतरते. साडेपाच मीटरच्या एका साडीतून पाच-पाच फुटांचे तीन तुकडे निघतात आणि एका थराला दोन लागतात, म्हणजे दोन साड्यांत मधले तिन्ही थर भागतात. साडी कापण्याआधी ती खिडकीसमोर उजेडात धरावी. नेसून नेसून विरलेला भाग लगेच दिसतो, आणि तो मधल्या थरात चालला तरी वर मुळीच घेऊ नये. अडचण वेगळीच आहे: आताच्या कपाटांत सुती साड्या थोड्या आणि जॉर्जेटच्याच जास्त निघतात. जॉर्जेटचे थर शिवताना एकमेकांवरून सरकतात, आणि उकाड्यात अशी गोधडी अंगाला चिकटते. घरात दोनच सुती साड्या असतील, तर त्या मध्येच घालाव्यात.

शिंप्याकडची कात्रणे चवथीच्या आधी मुबलक मिळतात, पण त्यांत अस्तर, सॅटिन आणि सुती यांची मिसळ असते आणि निवडण्यातच दुपार जाते. केवळ तुकड्यांतून काय साधता येते, हे घाटापलीकडे उत्तर कन्नडमधील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या स्त्रियांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, पाहावे. त्या काठापासून सुरुवात करून गोल गोल आत शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांवर फुले लावतात. ते काम हौसेचे आणि सवडीचे आहे. बचतीसाठी कात्रणे काठापुरतीच वापरावीत.

तयार जयपुरी रजई दिसायला देखणी आणि वजनाला हलकी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या सुती रजईवर ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून किमतीचा तो टप्पा पाहूनच खरेदी करावी. माझा आक्षेप किमतीला नसून आतल्या कापसाला आहे. जून ते सप्टेंबर या काळात आमच्याकडची हवाच ओली असते. भिजलेला कापूस लवकर वाळत नाही, त्याचे गोळे होतात आणि वास धरतो. गोधडीही जड होते, पण तिचे थर एकमेकांना टाचलेले असल्याने काही सरकत नाही आणि उन्हाच्या दोन दिवसांत ती कडक वाळते. पाहुण्यांसाठी वर्षातून चार दिवस लागणारे पांघरूण हवे असेल, तर मात्र रजईच घ्यावी. त्यासाठी महिनाभर टाके घालत बसण्यात अर्थ नाही.

रोजच्या वापरासाठी मी वरची बाजू नव्या ४४ इंची कॅम्ब्रिकची, आडव्या जोडाची, आणि मध्ये दोन सुती साड्या घेईन. खालच्या बाजूला मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे कोरे सुती कापड, घ्यावा. तो आधी खरखरीत लागतो, पण चार धुण्यांनंतर मऊ पडतो. वरच्या हिशेबात एकूण कापड ६.६ मीटरवर, म्हणजे हजाराच्या आत येते. नवे कापड मेच्या मध्यापर्यंत भिजवून वाळवून ठेवावे, कारण पाऊस लागल्यावर साडेसहा मीटर कापड वाळत घालायला गोव्यातल्या बाल्कनीत जागा मिळत नाही.