सीटच्या बोल्टवरचा लाल ठिपका

माझ्या बुलेटच्या सीटला मागून दोन ॲलन बोल्ट होते आणि दोन्हींच्या डोक्यावर नेलपॉलिशसारखा एकेक लाल ठिपका. गाडीचं रूप बदलून ताब्यात देताना गॅरेजवाल्यानं तो बोटानं दाखवला. "दादा, हे आपलं सील. हे फुटलं की वॉरंटी संपली. काय बी झालं तर सीट उघडायची नाय, डायरेक्ट मला फोन करायचा." मला ते फार आवडलं होतं. वाटलं, काय शिस्तीचा माणूस आहे!

मी साताऱ्यात एका ऑफिसात हिशेब तपासायचं काम करतो. पावतीवर तारीख नसेल तर आलेल्या माणसाला परत पाठवतो. हे मुद्दाम आधीच सांगतोय, कारण पुढे जे अडुसष्ट हजार रुपये येणार आहेत त्यांची एकही पावती माझ्याकडे नाही.

गाडी २०१२ ची इलेक्ट्रा, ३४६ सीसी, सेल्फ आणि किक दोन्ही. उत्तम चालत होती. तिच्यात काही बिघाड असता तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. मला कॅफे रेसर, म्हणजे जास्तीचं सगळं काढून टाकलेली, जुन्या रेसच्या गाडीसारखी सुटसुटीत गाडी करायची होती, बस्स. बुलेटच्या दोन्ही बाजूंना ते डबे असतात बघा, ते काढले की इंजिनाच्या मागे, सीटच्या खाली, एक मोकळा त्रिकोण आरपार दिसतो. रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइलवर फोटो बघणाऱ्या माणसाला याच त्रिकोणाचं वेड लागतं. आता त्या डब्यांत जो संसार असतो, म्हणजे बॅटरी, फ्यूज, रिले, इग्निशनचं युनिट (गॅरेजात सगळे सीडीआयच म्हणतात), तो कुठेतरी मांडायलाच हवा. म्हणून सीटच्या पोटात पत्र्याचा ट्रे वेल्ड करतात आणि सगळं त्यात कोंबतात. उंची मिळते इनमीन चार बोटं. मूळची १४ अँपिअर-अवरची बॅटरी तिथं उभी बसत नाही. पाण्याची बॅटरी आडवी टाकली तर ॲसिड गळतं. म्हणून छोटी लिथियम बॅटरी घ्यायची. इथवर त्यानं सांगितलेलं सगळं खरं होतं आणि तिथंच मी सैल पडलो.

एकूण सौदा अडुसष्ट हजारांचा. त्यात मागची चॅसिस कापून तिथं लूप, म्हणजे वाकवलेला गोल पाइप, लावणं, सीट, पावडर कोटिंग, टाकीचा रंग. सीटखालच्या कामाचे सव्वीस हजार: लिथियम बॅटरी ११,५०० आणि नवी तांब्याची वायरिंग, वॉटरप्रूफ कपलर, फ्यूज बॉक्स मिळून १४,५००. लिहून द्या म्हटलं की व्हॉइस मेसेज यायचा. पैसे पाठवायला जो स्कॅनर होता त्यावर कुणा बाईचं नाव. "आईचं खातं हाय." आईच्या नावावर शंका कोण घेणार?

दिवाळीत तीस हजार दिले. गुढीपाडव्याला गाडी देणार होता. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली. मध्ये मी फार मागं लागलो तेव्हा एक फोटो आला: काळा ट्रे, त्यात पट्ट्यांनी बांधलेल्या वायरी, प्रत्येक फ्यूजवर छोटं लेबल. इतकं देखणं काम की मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरलो. नंतर, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर, तो फोटो मोठा करून पाहिला. ट्रेच्या शेजारी मोनोशॉकचं, म्हणजे मधोमध असलेल्या एकाच शॉकॲब्सॉर्बरचं, जाड स्प्रिंग दिसतंय. माझ्या गाडीला मागे दोन शॉकॲब्सॉर्बर आहेत. म्हणजे फोटो दुसऱ्याच गाडीचा. तीन महिने तो माझ्या मोबाइलमध्ये होता आणि मी लेबलं बघत बसलो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, गाडी मिळाली. दिसायला खरंच झकास. पोवई नाक्यावर सिग्नलला उभा राहिलो की शेजारचा माणूस मान वळवून बघायचा. पंधरा दिवसांत सकाळी सेल्फ दमल्यासारखा फिरायला लागला. फोन केला. म्हणाला, "लिथियम हाय ना दादा, थंडीत आळस करती." लिथियमला थंडी सोसत नाही हे खरं आहे. पण ऑगस्टचा सातारा म्हणजे काही लेह-लडाख नव्हे. तरी मी मान डोलवली आणि किक मारायला लागलो. हेडलाइट आयडलिंगला मंद व्हायचा. त्यावर "एलईडी टाका" असा सल्ला मिळाला. सीट उघडून बघावी असं एकदा मनात आलं, पण तो लाल ठिपका.

सप्टेंबरच्या शेवटी, कासच्या फुलांचा हंगाम म्हणून, हिला मागे बसवून निघालो. यवतेश्वरचा घाट अर्धा चढलो असेन. एका वळणावर खड्डा आला, मागून खर्रर्र असा घासल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ जळक्या प्लास्टिकचा वास. हिनं पाठीवर थाप मारली, "अहो, खालून चटका लागतोय." गाडी कडेला घेतली तोवर सीटच्या शिवणीतून धूर. लोक गाड्या हळू करून बघत होते आणि मी काय केलं? त्याला फोन लावला. धूर निघत असताना मला वॉरंटीची काळजी. त्यानं उचलला नाही. आणि सीट उघडायची म्हटली तरी ॲलन की कुठून आणणार? अवजारांचा डबाही काढून टाकलेला, त्रिकोण मोकळा दिसावा म्हणून!

धूर आपोआप थांबला. का थांबला ते नंतर कळलं. दीड हजार देऊन पिकअपमधून गाडी खाली आणली आणि गोडोलीकडे एक वायरिंगवाले काका आहेत, ट्रक-ट्रॅक्टरची वायरिंग करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या दारात उभी केली. काकांनी लाल ठिपका नखानं खरवडला. "नेलपॉलिशच हाय की," म्हणाले आणि बोल्ट फिरवला.

आत जे होतं ते सावकाश सांगतो.

बॅटरीला काळं चकचकीत आवरण आणि त्यावर लिथियम असं छापलेलं स्टिकर. काकांनी ती एका हातानं उचलली, वजनाचा अंदाज घेतला आणि हसले. एवढ्या आकाराची लिथियम निम्म्या वजनाचीही नसते, हिचं वजन सव्वादोन किलो तरी असेल. आवरण ब्लेडनं चिरलं. खाली करड्या रंगाची, कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी. तिच्या अंगावर स्वच्छ छापलेलं होतं: स्टँडबायसाठी, म्हणजे सतत चार्जिंगला लावून ठेवायला, १३.५ ते १३.८ व्होल्ट. गाडी चालू असताना चार्जिंग चौदाच्या वर जातं. बाजारात ही हजाराच्या आसपास मिळते आणि ही तर नवीही नव्हती, एका कोपऱ्यावर फुगलेली. तिला बोल्टचे टर्मिनल नसतात, पत्र्याच्या दोन बारीक जिभा असतात. सेल्फ मारताना क्षणभर का होईना, पन्नासच्या वर अँपिअर ओढले जातात, ते त्या जिभेवर खोचलेल्या क्लिपमधून. प्लसची जीभ निळसर-काळी पडली होती आणि भोवतालचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं.

मग फ्यूज बॉक्स. डबी होती, झाकण होतं. आत फ्यूज नव्हता, त्याच्या दोन पायांत वायरचा तुकडा वाकवून बसवलेला. काका म्हणाले, "फ्यूज उडत आसंल वारंवार, म्हून कायमचा बंदोबस्त केलाय."

वायरी. काकांनी एका तारेवर चाकूचं पातं हलकेच फिरवलं. वरून तांबूस, आतून पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम. ती तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश वीज वाहून नेते, कंपनांनी लवकर तुटते, आणि बुलेटची कंपनं किती असतात ते काय सांगायचं. सांधे नुसते पिळून वर काळी टेप, तीही पावसात सुटलेली. मागचा मडगार्ड काढलेला असल्यानं टायरचा चिखल सरळ ट्रेमध्ये. वॉटरप्रूफ कपलर एकही नाही. अर्थिंगची वायर चॅसिसवर बोल्टनं आवळली होती, पण पावडर कोटिंग न खरवडता. पावडर कोटिंग म्हणजे चांगल्यापैकी इन्सुलेटर. करंट बोल्टच्या आट्यांतून जमेल तसा वाट काढत होता, म्हणून तो मंद हेडलाइट. आणि रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग, ज्याला पंख्यासारख्या पात्या असतात आणि ज्याला वारा लागलाच पाहिजे, तो फोमच्या खाली दाबून बसवलेला. फोमवर त्या पात्यांचे तपकिरी ठसे उमटले होते, भाकरीवर तव्याचे उमटतात तसे. हिला चटका लागला तो याचाच असणार.

शेवटी त्यांनी मला आणि त्यांच्या हाताखालच्या पोराला गाडीवर बसवलं, स्वतः खाली वाकून बघितलं आणि हात आत घातला. टायर आणि ट्रे यांच्यात बोटही जात नव्हतं. दोन माणसं आणि एक खड्डा, की टायर ट्रेच्या तळाला लागणार. ट्रेच्या खालूनच मेन वायर नेलेली. टायरनं तिचं आवरण सोललं, तार चॅसिसला टेकली आणि फ्यूज नसल्यानं सगळा करंट त्याच तारेतून गेला. तार इतकी बारीक होती की स्वतःच वितळून तुटली. म्हणजे माझी गाडी त्याच्या लबाडीमुळे पेटली आणि त्याच्याच चिंधीगिरीमुळे वाचली.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन त्याच्या शेडवर गेलो. पहिला प्रश्न त्यानं विचारला, "सील कुणी फोडलं?" दुसरा: "यूपीएसची बॅटरी तुम्हीच टाकली नसंल कशावरनं?" माझी जुनी, आठ महिन्यांची बॅटरी, वायरिंगचा अख्खा सेट, दोन्ही डबे कुठे आहेत विचारलं तर म्हणे भंगारात गेले. त्याच्या मागच्या फळीवर माझा डावा डबा होता. त्यावर सज्जनगडाच्या स्टिकरचा अर्धा उरलेला तुकडा. मी बोट दाखवलं. "असली स्टिकरं निम्म्या साताऱ्याच्या गाड्यांवर हायत, दादा." यावर काय बोलणार?

व्हॉइस मेसेज मात्र माझ्याकडे होते. "लिथियम, ओरिजनल, अकरा पाचशे," हे त्याच्याच आवाजात. ते शेडमध्ये मोठ्यानं लावले, तेव्हा दुसरी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्या संध्याकाळी पाच हजार आले, आठवड्यानं तीन. मग नंबर ब्लॉक. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारताही येतं. तिथं वकिलाशिवाय उभं राहता येतं, पण कागद विचारतात, आणि कागदाच्या जागी मी व्हॉइस मेसेज लिहून काढून, पैसे गेल्याच्या नोंदी लावून फाइल केली. स्वतःचंच व्हाउचर मी ऑफिसात पास केलं नसतं.

एक राहिलंच. "पासिंगचं आरटीओत मी बघतो" म्हणून पाच हजार वेगळे घेतले होते, ते अडुसष्टच्या बाहेरचे. काही बघितलं नव्हतं, बघता येण्यासारखंही नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकालाच प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. बॅटरी इकडची तिकडे ठेवणं वेगळं आणि चॅसिस कापणं वेगळं. त्या घाटात कुणाला काही झालं असतं तर विमा कंपनीला बोट ठेवायला माझी कापलेली चॅसिस आयती होती.

तरी कुणाला हौस असेलच, तर काम चालू असताना जा, झाल्यावर नको. ट्रे लागला की रंगाच्या आधी दोघं बसून टायरचं अंतर बघा. बॅटरी स्वतः दुकानातून बिलावर घ्या आणि हातात तोलून बघा. उरलेल्या वायरीचा वीतभर तुकडा मागून घ्या आणि खरवडा. व्होल्ट मोजायचा मीटर तीन-चारशेला मिळतो. गाडी बंद असताना साडेबाराच्या वर, चालू असताना रेस दिल्यावर चौदाच्या आसपास दिसायला हवं. मुख्य फ्यूज स्वतःच्या हातानं काढून बघा, गाडी मेली पाहिजे. माझ्या गाडीत काढायला फ्यूजच नव्हता. आणि काढलेलं सगळं जुनं सामान पोत्यात भरून त्याच दिवशी घरी न्या, भंगार म्हणाला तरी.

काकांनी सात हजारांत सगळं परत केलं. ट्रे दोन इंच वर घेतला, त्यामुळे सीट जरा उंटासारखी दिसते. रेक्टिफायर पुढे वाऱ्यावर आला. बॅटरी मूळचीच १४ ची, डाव्या बाजूला साध्या पत्र्याच्या डब्यात. त्रिकोण गेला. सीट आता चावीनं उघडते.

गेल्या रविवारी आमच्या वाड्यातला एक पोरगा आला. त्याला त्याच शेडमध्ये गाडी टाकायची आहे, दहा हजार देऊनही झालेत. मी सीट उघडून काकांची वायरिंग दाखवली, ती जळकी बॅटरी दाखवली, निळी पडलेली जीभ दाखवली. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग गाडीपासून चार पावलं मागे सरकला, डोळे बारीक करून पत्र्याच्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पण काका, ह्ये बाहेरनं दिसतंय की."